सरांचा नंबर राहू दे

मोहिते मॅडम खुर्चीत बसत नसत. वाढवून सांगत नाहीये. मेन गेटशेजारच्या त्यांच्या खोलीत चांगली गादीची खुर्ची होती, पण तिच्यावर हेल्मेट, रेनकोट आणि कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली अशी मंडळी कायमची मुक्कामाला. मॅडम उभ्या. चहा उभ्यानं, फोन चालता चालता, पोहे खिडकीच्या कट्ट्यावर प्लेट ठेवून, आणि तेही निम्मे टाकून बाहेर पळायच्या, कारण गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवलेला. सही करायची असली तर समोरच्याला वळायला सांगत आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवून करत. माझ्या पाठीवर त्यांनी किती सह्या केल्या असतील देव जाणे.

इंदूरच्या एका मोठ्या खासगी विद्यापीठात त्या सुरक्षा विभागाच्या प्रमुख होत्या. मी तिथल्याच कॉम्प्युटर विभागात, सांगलीहून नोकरीसाठी आलेली, शहरात नवी आणि जराशी नाक वर करून फिरणारी. गाड्यांच्या नोंदीची जुनी यंत्रणा काढून नवी बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं म्हणून आमची गाठ पडली. पहिल्या दिवशी मी खोलीच्या दारात पोचते न पोचते तोच त्या मला ओलांडून बाहेर निघाल्या.

"आलीस ना? चल."

"कुठं?"

"मशीन बघायला, अजून कुठं. तू ती पुणेवाली ना भिया?"

"सांगली."

"अरे तेच ते."

बाईमाणसाला भिया म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. नंतर कळलं की भिया म्हणजे इंदुरी भैया, आणि त्या सगळ्यांनाच तसं म्हणत. कुलगुरूंना तेवढं सरजी. त्यांचं मराठी ऐकून आधी मला हसू यायचं, मग सवय झाली, आणि आता सांगलीत आईशी बोलताना माझ्याच तोंडून 'अपन उद्या जाऊ' निघतं तेव्हा आई कपाळाला हात लावते. मॅडमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. कुणी बसा म्हटलं की त्या म्हणत, "अपने घर में ना, घोडा बसला की बीमार समझते." आणि निघून जात.

मशीन म्हणजे एक जुनाट कॉम्प्युटर. काळा पडदा, हिरवी अक्षरं. कँपसमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेवर विद्यापीठाचं स्टिकर असायचं, स्टिकरला नंबर असायचा. गेटवरच्या गार्डानं तो नंबर मशीनमध्ये टाकायचा की मालकाचं नाव यायचं आणि खाली एकच शब्द, 'मान्य' किंवा 'रद्द'. मान्य आलं की गेट उघडायचं. कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्यानं तो प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो परदेशात निघून गेला होता. त्यामुळे तो याच एका मशीनवर चालायचा, त्याची नक्कल निघत नव्हती, त्यातून काही छापता येत नव्हतं. अधूनमधून तो थिजायचा. मग मॅडम त्याच्या डोक्यावर एक चापट मारत आणि तो पुन्हा चालू व्हायचा.

"ह्याला बदला म्हणून मी मोजता येणार नाहीत एवढ्या अर्ज्या दिल्यात," त्या म्हणाल्या. "आता तू आलीयेस तर फटाफट मारून टाक ह्याला. मी रडणार नाही."

आत शिरून डेटा पाहिला आणि मला घाम फुटला. कुठल्याच गाडीच्या नंबरापुढे एमपी शून्य नऊ लिहिलेलं नव्हतं. का, तर इंदूरची गाडी आहे, आणखी काय असणार? बाहेरच्या गाड्यांना जागाच नव्हती. माझ्या स्कूटरची नोंद त्यांनी माझ्यासमोरच केली होती. एमएच कुठं लिहायचं हा प्रश्न आल्यावर त्यांनी एक क्षण विचार केला आणि रंगाच्या रकान्यात टाकलं, 'पुणे'. मी म्हटलं, "मॅडम, हा रंग आहे का?" तर म्हणाल्या, "गार्ड को समझ गया ना? बस."

मला त्यांचा वैताग यायचा. मीटिंग ठरवावी तर अर्ध्यात उठून जायच्या, उठून म्हणजे काय, उभ्याच असायच्या, नुसत्या जायच्या. माझं वाक्य पुरं होऊ देत नसत, स्वतःच पुरं करत, आणि हमखास चुकीचं करत. मग त्या चुकीच्या वाक्यावर वाद घालत. पण एक होतं. कामात बाई चोख होती. त्यांच्या पर्समध्ये एक छोटं उलथनं असायचं, स्वैपाकघरातलं, धार घासून केलेलं. ते जुनी स्टिकरं खरवडायला. एकदा डायरेक्टरसाहेबांची गाडी पोर्चमध्ये उभी होती, काचेवर मुदत संपलेलं स्टिकर. साहेब वर मीटिंगमध्ये. ड्रायव्हर म्हणाला, "साहब से पूछ लूँ?" मॅडमनी विचारलं, "साहब को आता है खुरचना?" आणि साडीचा पदर खोचून बॉनेटवर ओणव्या होऊन त्यांनी काच खरवडायला घेतली. साहेब खाली आले तेव्हा निम्मं स्टिकर निघालं होतं. साहेब बिचारे पूर्ण निघेपर्यंत उन्हात थांबले.

रद्द करायचं काम मात्र त्यांच्याशिवाय कुणी करत नसे. ही तिथली रीतच. कुणी रिटायर झालं, कुणी वारलं, तर त्याचा नंबर मशीनमध्ये रद्द करायचा. गार्ड मंडळींचा हात त्या बटणाकडे जायचा नाही. इतकी वर्षं रोज सलाम केला, त्यांना काय असं काटायचं? अपशकुन, शिवाय बेअदबी. ते नाव तसंच ठेवत, आणि रिटायर झालेले बाबूजी नातवाला घेऊन आले की मान्य बघून खूश होत. मॅडमना हे अजिबात चालत नसे. महिन्यातून एकदा त्या स्वतः मशीनपुढे उभ्या राहत, एकेक नाव काढत, बटण दाबत आणि प्रत्येक नावाला पुटपुटत, "जय राम जी की." सगळ्या गार्डांना तेव्हा खोलीबाहेर काढलेलं असे.

म्हणूनच डेटा चाळताना ते एक नाव सापडलं तेव्हा मला नवल वाटलं. कानिटकर सर. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, रिटायर झालेले आणि मग वारलेलेही. नावापुढे मान्य.

"मॅडम, हे राहिलंय," मी म्हटलं.

त्या दारात होत्या. वळल्या नाहीत. "सरांचा नंबर राहू दे."

"पण ते गेले ना?"

"म्हणून तर," त्या म्हणाल्या, आणि गेटकडे चालायला लागल्या.

हकीकत मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळली, कारण एका जागी उभं राहून त्या गोष्ट सांगतील हे शक्यच नव्हतं. मॅडम आधी पार्किंगच्या टोकनखिडकीवर होत्या. सुरक्षा विभागातली जागा निघाली तेव्हा समितीतल्या सगळ्यांनी नाकं मुरडली, बाईला गेटवर कोण जुमानणार? एकटे कानिटकर सर म्हणाले, मी रोज हिच्याकडून टोकन घेतो, ही मला जुमानत नाही, दुसऱ्या कुणाला काय जुमानणार. त्यावर सगळे हसले आणि मॅडमना जागा मिळाली. पुढे सर रिटायर झाले तरी रोज सकाळी आपल्या क्रीम रंगाच्या छोट्या गाडीतून लायब्ररीत येत. गेटवर काच खाली करून विचारत, "काय मोहिते, चालू का?" त्या म्हणत, "चालू." एवढंच. ह्या एवढ्यासाठी त्या बाईनं एक नंबर जिवंत ठेवला होता. आणि उलथनं घेऊन डायरेक्टरच्या गाडीवर चढणारी ही बाई सरांच्या गाडीवरचं स्टिकर खरवडायला काही त्यांच्या घरी गेली नव्हती.

मग ती सुट्टीची दुपार आली. गेटवर भेरूलालजी होते. पन्नाशीचे, जवळच्या हातोद गावचे, अतिशय गरीब स्वभावाचे. आयुष्यभर मागच्या होस्टेलच्या गेटवर काढलेलं, त्याच आठवड्यात मेन गेटवर बदली झालेली. एक क्रीम रंगाची गाडी आली. चालवणारा म्हणाला, सरांचा मुलगा आहे, लायब्ररीची पुस्तकं परत करायचीत. भेरूलालजींनी स्टिकरचा नंबर मशीनमध्ये टाकला. कानिटकर सर, मान्य. त्यांनी सलाम करून गेट उघडलं. संध्याकाळी कळलं की प्रयोगशाळेचं कुलूप तोडलंय आणि महागडी उपकरणं गेलीत.

सरांच्या मुलानं ती गाडी केव्हाच विकली होती, स्टिकरसकट. पुढचं पोलिसांनी पाहिलं. पण विद्यापीठाला तेवढ्यानं भागत नव्हतं, त्यांना एक माणूस हवा होता. भेरूलालजी निलंबित झाले. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की नोंद रद्द असूनही गार्डनं गाडी सोडली. वारलेल्या माणसाची नोंद रद्दच असणार, हे ते धरूनच चालले होते. मशीन कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

मॅडम त्याच दिवशी रजिस्ट्रारसाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या की नोंद चालू होती, ती मी ठेवली होती. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मोहितेजी, आप अपने आदमी को बचा रही हैं, ये अच्छी बात है, पर ऐसे नहीं." म्हणजे बघा, बाई स्वतःहून मान खाली घालून कबूल करतेय आणि तिच्यावर विश्वासच नाही. इतकी वर्षं खरवडून खरवडून जी शिस्त दाखवली, तीच आडवी आली. वर साहेबांनी आमच्या विभागाला फर्मान काढलं की नवी यंत्रणा ताबडतोब चालू करा, जुनं मशीन भंगारात द्या.

आमच्या साहेबांनी मला मशीन उचलून आणायला पाठवलं. मी गेटवरच्या खोलीत शिरले आणि दारातच थांबले. मोहिते मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. हेल्मेट, रेनकोट, बाटली, सगळं खाली फरशीवर. खुर्ची मशीनला चिकटवून ओढलेली.

"मॅडम, बरं नाही का?"

"बसलीये ना मी? मग बरं कसं असेल," त्या म्हणाल्या. "मशीन नाही मिळणार."

"मी त्या पडद्याचा फोटो काढते ना. मी सांगते चौकशी समितीला, मीसुद्धा पाहिलंय म्हणून."

"फोटो बनवला म्हणतील. तुला मी शिकवून पाठवली म्हणतील. मशीन बोलली पाहिजे, त्यांच्यासमोर. तू ह्याला नेलंस ना, तर भेरूलाल गेला."

त्या बसल्या होत्या खऱ्या, पण त्यांचा गुडघा थांबत नव्हता. तो असा हलत होता की टेबल हलत होतं, टेबलावरचा पडदा हलत होता, चहाच्या कपाखालची बशी वाजत होती. बोटांनी त्या खुर्चीच्या हाताचं रेक्झिन सोलत होत्या. बाहेर कुणी हॉर्न वाजवला की अर्ध्या उठत आणि परत खाली बसत. मला बघवेना. त्या उठल्या तर कुणीही येऊन मशीनची वायर काढेल ही त्यांची भीती, आणि ती खोटी नव्हती. विजेचा माणूस दोनदा 'चेक करायला' येऊन गेला होता.

भेरूलालजी रोज हातोदहून बसनं येत आणि खोलीबाहेरच्या पायरीवर बसत. युनिफॉर्म नाही, साधा शर्ट. आत यायला सांगितलं तरी येत नसत. मला बघितलं की एकच सांगत, "बेनजी, म्हने तो मसीन में देखी ने गेट खोल्यो थो." म्हणजे, मशीनमध्ये बघूनच तर उघडलं होतं गेट. त्यांची मुलगी नर्सिंगला होती. चोर सोडला म्हणून काढलेल्या पन्नाशीच्या गार्डाला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? ते हे बोलत नसत, पण मॅडमना ते कळत होतं, म्हणून तर त्या बसून होत्या.

मी आमच्या साहेबांना जाऊन सांगितलं की डेटा अजून स्वच्छ झालेला नाही, आत्ता हलवता येणार नाही. खोटं काही नव्हतं. ज्या डेटात स्कूटरचा रंग पुणे आहे त्याला स्वच्छ कोण म्हणेल? साहेब कुरकुरले, पण थांबले.

शेवटी समिती आली. ट्रस्टच्या तुकोगंजच्या ऑफिसातून दोघं आणि आमचे रजिस्ट्रारसाहेब. मॅडमनी हट्टच धरला होता की मी वर येणार नाही, तुम्ही खाली या. त्या खोलीत इतकी माणसं मावत नव्हती, मी दारात उभी. मॅडमनी भेरूलालजींना आत बोलावलं, मशीनपुढे उभं केलं आणि समितीला म्हणाल्या, "नंबर तुम्ही सांगा, टाकेल हा."

त्यांनी चोरीत वापरलेल्या गाडीच्या स्टिकरचा नंबर सांगितला. भेरूलालजींनी एका बोटानं तो टाकला. आणि मशीन थिजलं. काळा पडदा, नुसता. ट्रस्टच्या एका गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं. भेरूलालजींच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. मला वाटलं संपलं, एवढे दिवस त्या बाईनं जीव मुठीत धरून बसून काढले ते फुकट गेले. मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी मशीनच्या डोक्यावर सणसणीत चापट मारली. रजिस्ट्रारसाहेब दचकले. पडद्यावर एकेक हिरवं अक्षर उमटायला लागलं. कानिटकर सरांचं नाव. खाली मान्य.

मग रजिस्ट्रारसाहेब म्हणाले, "ये काटा क्यों नहीं गया? किसकी जिम्मेदारी थी?"

"मेरी," मॅडम म्हणाल्या. "मैंने ही रखा था. जानबूझ के."

"क्यों?"

"इज्जत के मारे," त्या म्हणाल्या. "सर की इज्जत के मारे. बाकी सबके काटे, इनका नहीं काटा गया मुझसे. गलती मेरी है. इसने तो वो ही किया जो मैंने सिखाया." आणि मग त्या लगेच गेटकडे निघून गेल्या, कारण बाहेर दोन ट्रक समोरासमोर अडकले होते. समिती आतच.

भेरूलालजी कामावर परत आले. मॅडमना राजीनामा द्यायला सांगितलं गेलं, आणि त्यांनी तो रजिस्ट्रारच्या शिपायाच्या पाठीवर ठेवून लिहून दिला. मला फार राग आला. रजिस्ट्रारसाहेबांचा आलाच, पण मॅडमचाही आला. मी त्यांना म्हटलं, "भांडा ना थोडं. इतकी वर्षं केलंत." त्या म्हणाल्या, "कशावरून भांडू? चोरी झाली ती झाली. तू नवं चालू कर चल, बहुत हो गया."

नवी यंत्रणा त्यांच्या शेवटच्या दिवशीच चालू केली. गेटवर कॅमेरे, गाडीची पाटी आपोआप वाचणारे. एमपी, एमएच सगळ्यांना जागा. जी नावं जुन्यात मान्य होती ती सगळी नव्यात आणलेली, रद्द कुणाला करायचं ते सुरक्षा प्रमुखानं ठरवायचं. मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सरांचं काढ." मी ते नाव पडद्यावर आणलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून स्वतः बटण दाबलं. ओठ हलले, पण मला ऐकू आलं नाही काही. मग म्हणाल्या, "आता माझं."

"मॅडम, उद्या करते ना."

"आज. मी आज जाणार ना? मग उद्या कशाला. दाब."

मी दाबलं. दुसरं काय करणार होते? डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दिसू नये म्हणून मी पडद्याकडेच बघत राहिले, आणि वळले तेव्हा खोलीत त्या नव्हत्या.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. कसल्याशा प्रवेशपरीक्षेची सकाळ होती, गेटवर गाड्यांची ही रांग. मी स्कूटरवर कर्मचाऱ्यांच्या लेनमध्ये. शेजारच्या लेनमध्ये मोहिते मॅडम आपल्या स्कूटरवर, मागे भाचीला बसवून. बॅरिअरपाशी भेरूलालजी. कॅमेऱ्यानं पाटी वाचली आणि लाल दिवा लागला, नोंद रद्द. भेरूलालजींनी दिव्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी टाच जुळवून सलाम ठोकला आणि हातानंच बॅरिअर वर उचलला.

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "लाल दिखा ना तेरे को?"

"मैडमजी, आप?"

"नीचे कर उसको. इसी में तो गया था तू."

बॅरिअर खाली आला. मॅडमनी स्कूटर पायांनी मागे ढकलत नेली आणि पाहुण्यांच्या रांगेत शेवटी लावली, जेवण पोचवणाऱ्या पोरांच्या आणि पालकांच्या मागे. तिथं त्या उभ्या राहिल्या म्हणजे काय राहिल्या, एक पाय जमिनीवर आपटत होत्या, मान लांब करकरून पुढे बघत होत्या, पुढच्याला "चलो भिया, आगे चलो" करत होत्या. भाची मागून काहीतरी म्हणत होती, बहुतेक उशीर होतोय म्हणून. त्यांनी हातानं तिला गप्प केलं.

त्यांची पाळी आली तेव्हा भेरूलालजींचा पेन कागदावर टेकेना. खाली बघूनच विचारलं त्यांनी, "नाम?"

"शैलजा मोहिते."

"किससे मिलना है?"

"किसी से नहीं. बच्ची को छोडके वापस."

त्यांनी लिहिलं. पर्ची फाडून पुढे केली. पर्ची ठेवायला खिसा नव्हता, म्हणून त्यांनी ती दातांत धरली, दोन्ही हातांनी हँडल पकडलं आणि आत निघून गेल्या.